‘जमेल मला’ म्हणजे नेमकं काय जमेल?

एका रुग्णालयाच्या वेदना विभागात मी काही काळ आठवड्यातून दोन दिवस काम करत होते. डॉक्टरांनी तपासलेल्या बायकांशी बोलायचं, त्यांच्याकडून एक प्रश्नावली भरून घ्यायची आणि केस पेपरवर चार ओळींचा शेरा लिहायचा, असं माझं काम. समाजकार्याची पदवी घेतलेल्या माणसाला दवाखान्यात सहसा असंच काम मिळतं.

तिथे एक मावशी येत. वय पंचेचाळीसच्या आसपास. पाच घरची धुणी-भांडी आणि केर-फरशी. कंबर सहा वर्षांपासून दुखते, उजवा खांदा दोन वर्षांपासून. एक्स-रे झाला होता, एमआरआय झाला होता, कमरेला पट्टा होता, पर्समध्ये गोळ्यांची पाकिटं होती. मी प्रश्नावली काढली. त्यात दहा विधानं असतात. ‘दुखत असूनही मी अमुक गोष्ट करू शकते’ याची किती खात्री वाटते, ते शून्य ते सहा या आकड्यांत सांगायचं. एकूण गुण साठ.

दुखत असूनही घरकाम करू शकता का, असं मी विचारलं. मावशी हसल्या. “ताई, हे काय विचारणं झालं? दुखो नाहीतर मरो, काम तर करतेच की. किती असतात? सहा? सहा लिहा.” आवडीची कामं, छंद, विरंगुळा? “छंद म्हणजे?” मी टीव्ही वगैरे सांगून पाहिलं. “टीव्ही लागतो तेव्हा मी भाजी निवडत असते.” गोळीशिवाय निभावता येईल? शून्य. दुखत असूनही मनासारखं जगता येईल? त्यावर त्या काही बोललाच नाहीत. मीही शून्य लिहिलं.

बेरीज साठपैकी एकवीस झाली. पुढे आमच्या वर्गाला त्या लागोपाठ तीन वेळा आल्या नाहीत. मी शेरा लिहिला : ‘आत्मविश्वास कमी. सहकार्य अपुरं. समुपदेशनाची गरज.’

वर्ग सकाळी अकराला असायचा. अकरा वाजता मावशी तिसऱ्या घरची फरशी पुसत असायच्या. हे मला माहीत होतं. तरी मी तो शेरा लिहिला. हा लेख त्या शेऱ्याविरुद्ध आहे, म्हणजे आधी माझ्याविरुद्ध आहे. मग माझ्या व्यवसायाविरुद्ध, आणि थोडासा, मैत्रिणींनो, आपल्या चळवळीविरुद्धही आहे.

कल्पना खोटी नाही

आधी एक स्पष्ट करते. ज्या कल्पनेवर ती प्रश्नावली उभी आहे, ती थोतांड नाही. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली ती मांडली. इंग्रजीत तिला ‘सेल्फ-एफिकसी’ म्हणतात, आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘स्व-क्षमता’ किंवा ‘आत्मक्षमता’. आमच्या वस्तीतल्या गटाला मी ती समजावून सांगितली तेव्हा एक जण म्हणाली, “म्हणजे ‘जमेल मला’ असंच ना?” तेच. हा सर्वसाधारण आत्मविश्वास नव्हे. एखादी ठरावीक गोष्ट, ठरावीक परिस्थितीत मला करता येईल, अशी माणसाची स्वतःबद्दलची खात्री. ही खात्री असेल तर माणूस प्रयत्न करतो, अडथळा आला तरी टिकून राहतो. नसेल तर हात असूनही हात चालत नाहीत.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताच्या रुग्णांसाठी एक वर्ग सुरू केला. आठवड्यातून एकदा दोन तास, असे सहा आठवडे. शिकवणारे डॉक्टर नव्हेत. प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं, त्यांतल्या अनेकांना स्वतःला संधिवात. १९९३ साली त्यांनी चार वर्षांनंतरची स्थिती प्रसिद्ध केली. वर्गाला आलेल्यांची वेदना सरासरी वीस टक्क्यांनी कमी झाली होती, डॉक्टरकडच्या फेऱ्या चाळीस टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. आणि याच काळात त्यांचं शारीरिक अपंगत्व मात्र नऊ टक्क्यांनी वाढलं होतं. म्हणजे सांधे बिघडत होते आणि दुखणं कमी होत होतं! यात व्यायामापेक्षाही ‘मला याचं काहीतरी करता येतं’ ही खात्री मोलाची ठरली, असा त्या मंडळींचा निष्कर्ष होता.

यात जादू नाही. तीन महिन्यांच्या पुढे गेलेलं दुखणं हे ताज्या जखमेच्या दुखण्यासारखं राहत नाही. मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते. पूर्वी जो स्पर्श, जी हालचाल बोचत नव्हती ती बोचू लागते. झोप नसेल, भीती असेल, डोक्यावर टांगती चिंता असेल, तर ती आणखी हळवी होते. म्हणून एमआरआयमधल्या चित्राचा आणि दुखण्याचा मेळ अनेकदा बसत नाही. अजिबात पाठ न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन तपासणाऱ्या अभ्यासांचा २०१५ साली एकत्रित आढावा घेतला गेला. वीस वर्षांच्या धडधाकट माणसांतही ३७ टक्के जणांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. ऐंशीच्या वयात हे प्रमाण ९६ टक्के. आणि यांपैकी कुणाचीही पाठ दुखत नव्हती.

आता आपल्याकडे बाईला काय सांगितलं जातं ते आठवा. ‘मणक्यात गॅप आहे.’ ‘नस दबली आहे.’ ‘गुडघ्यातलं वंगण संपलंय.’ हे ऐकून आलेली बाई दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या शरीराला घाबरू लागते. जिना टाळते, चालणं टाळते, मांडी घालणं टाळते. काम तेवढं टाळता येत नाही! एका वाक्यात तिचं ‘जमेल मला’ काढून घेतलं जातं आणि बदल्यात पट्टा दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. नेहमीच्या उपचारात कमरेचे पट्टे देऊ नयेत, वजन लावून ताणण्याचे उपचार करू नयेत, अफूच्या वर्गातल्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत, असं त्यात म्हटलं आहे. द्यायचं काय? माहिती, व्यायाम, मानसिक आधार. म्हणजे जे स्वस्त आहे आणि ज्याला वेळ द्यावा लागतो, ते. आपल्याकडे पट्टा पाच मिनिटांत मिळतो, माहिती सहा वर्षांत मिळत नाही.

तेव्हा कल्पनेशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते ती कोणत्या प्रश्नाला जोडली जाते, याच्याशी.

प्रश्नच उलटा आहे

ती प्रश्नावली १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात तयार झाली. दुखण्यामुळे काम सोडून, अंथरूण धरून बसलेल्या माणसाला पुन्हा उभं करायचं, हा तिचा हेतू. हेतू चांगलाच आहे. अशा माणसाच्या बाबतीत ‘दुखत असूनही काम करू शकतो का?’ हा योग्य प्रश्न आहे.

पण आपल्या मावशींना अंथरूण धरायला कधी मिळालं? दुखत असूनही काम करणं, ही या देशातल्या बायकांना शिकवायची गोष्ट आहे का? लहानपणापासून त्यांना दुसरं काय शिकवलं? पाळी आली तरी हंडा उचल, ताप असला तरी भाकऱ्या थाप, बाळंतपण झालं की सव्वा महिन्यात कामाला लाग. या बाबतीत आपल्या बायकांची स्व-क्षमता इतकी आहे की तिनेच त्यांची कंबर मोडली आहे. सहापैकी सहा!

जे जमत नाही ते दुसरंच आहे. एका बैठकीत मी प्रश्नावली बाजूला ठेवली आणि विचारलं, “दुखत असताना काय करणं तुम्हाला जमणार नाही असं वाटतं?” उत्तरं भराभर आली. नवरा घरात असताना दुपारी आडवं होणं. सासूसमोर खुर्चीत बसणं. मुलाला स्वतःचं ताट उचलायला सांगणं. मालकिणीला ‘आज फरशी नाही पुसत’ म्हणणं. डॉक्टरला ‘ही गोळी कशाची?’ विचारणं. नवऱ्याला रात्री नाही म्हणणं. हे शेवटचं एकीने खाली बघत सांगितलं आणि खोलीत कुणीच काही बोललं नाही.

ही खरी यादी आहे. या यादीतल्या एकाही गोष्टीला दवाखान्याच्या कागदावर रकाना नाही.

आकडे बघा. सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. जे पुरुष अशी कामं करत होते ते ९७ मिनिटं. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली. बायका २८९, पुरुष ८८. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली, याचा आनंद मानावा तर पुरुषांचीही नऊ कमी झाली! आणि ही सरासरी त्यांच्याबद्दलची आहे जे ही कामं करतात. जे करतच नाहीत ते पुरुष हिशेबातच नाहीत. जगभरात २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती आणि त्यांत बायका जास्त होत्या. ‘बायकांची हाडंच नाजूक’ असं यावर म्हणणाऱ्यांनी आधी ही मिनिटं मोजावीत.

बांडुराने सांगितलं होतं की अशी खात्री चार वाटांनी येते. पहिली आणि सगळ्यांत भक्कम वाट म्हणजे स्वतः करून बघितलेली आणि जमलेली गोष्ट. दुसरी, आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाला ती जमलेली बघणं. तिसरी, विश्वासातल्या माणसाने दिलेला धीर. चौथी, स्वतःच्या शरीराच्या खुणा ओळखणं, धडधड म्हणजे लगेच संकट नव्हे हे कळणं. आता आमच्या वर्गात काय होत होतं? फक्त तिसरी वाट, तीही अर्धी. पंख्याखाली खुर्चीत बसलेली मी सांगत होते, ‘तुम्हाला जमेल.’ विश्वासातलं माणूस मी नव्हतेच. करून बघायला त्यांच्या हातात दिवसातला एक तासही नव्हता. जिला जमलं अशी त्यांच्यातली एकही बाई मी त्यांच्यासमोर उभी केली नव्हती. आणि बेरीज एकवीस आली की दोष कुणाचा? मावशींचा!

ज्या बाईच्या दिवसाचं एकही घड्याळ तिच्या हातात नाही, तिला ‘आत्मविश्वास वाढवा’ म्हणणं हा सल्ला नाही. ती तिच्यावर टाकलेली आणखी एक मोळी आहे. धुणं, भांडी, फरशी आणि आता आत्मविश्वास.

माझी पाठ

इथे माझी गोष्ट सांगायला हवी, कारण ती लपवली तर वरचं सगळं भाषण होईल.

बत्तिसाव्या वर्षी माझी पाठ धरली. डाव्या पायात कळ जायची, मोजे घालता यायचे नाहीत. मला सहा आठवड्यांची रजा मिळाली, पगारी. एका चांगल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवलं : कामाचे तुकडे कर, दुखणं वाढायच्या आधी थांब, रोज पन्नास पावलं जास्त चाल, एक वही ठेव. मी वही ठेवली. पन्नास पावलांची शंभर झाली, मग दोन फेऱ्या, मग जिना. तीन महिन्यांत मी कामावर आले. अजून दुखतं, पण मी त्याला घाबरत नाही. पुढे कित्येक शिबिरांत मी ही गोष्ट सांगितली : मन घट्ट केलं, आणि जमलं.

एका शिबिरात ही गोष्ट सांगून झाल्यावर मागच्या रांगेतून एकीने विचारलं, “ताई, त्या तीन महिन्यांत तुमची फरशी कोण पुसत होतं?”

माझ्या घरी येणाऱ्या मावशी पुसत होत्या. त्यांचीही कंबर दुखत होती, हे मला माहीत होतं. मी त्यांना बाम दिला होता.

माझ्या ‘जमेल मला’च्या खाली पगारी रजा होती, शिकवणारी बाई होती, स्वतंत्र खोली होती, आणि उकिडवं बसून फरशी पुसणारी दुसरी एक पाठ होती. मी त्या सगळ्याला ‘मनाची ताकद’ असं नाव दिलं होतं. यातलं एकेक काढून घ्या आणि मग माझी प्रश्नावली भरा. साठपैकी किती येतील?

या पानांवर लिहिणाऱ्या आणि ही पानं वाचणाऱ्या आपल्यापैकी अनेकींच्या घरी कुणीतरी येतं. आपल्या संस्थांच्या कार्यालयांतही येतं. तिला आपण काय दिलं आहे, बाम की सुट्टी? पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला तेव्हा पगारवाढीच्या बरोबरीने हक्काची सुट्टी ही त्यांची मागणी होती. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. तो नोंदणीचा आणि योजनांचा कायदा आहे. आजारपणाची पगारी रजा त्याने मावशींच्या हातात दिलेली नाही. ती आजही मालकिणीच्या मर्जीवर आहे. आणि मालकीण कधी कधी आपल्यातलीच असते.

दुखणं कापून काढता येत नाही

बाईच्या कंबरदुखीकडे नीट पाहिलं नाही की काय होतं, याचं सगळ्यांत भयंकर उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. अंगावरून पांढरं जातं, पोटात-कंबरेत दुखतं, पाळीचा त्रास होतो, अशा तक्रारी घेऊन बायका खाजगी दवाखान्यात जायच्या, आणि ‘पिशवी काढून टाका’ हे उत्तर घेऊन बाहेर पडायच्या.

या बायकांचं काम कसं असतं? नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल फेडायची. पहाटेपासून वाकून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत भरायच्या. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. पाळीत खाडा, दुखण्यात खाडा. अशा बाईने पिशवी काढायला होकार दिला तर तो अडाणीपणा म्हणायचा का? विश्रांती हा पर्याय कुणी तिच्यासमोर ठेवलाच नव्हता. मोळीचं वजन कमी करू, खाडा बंद करू, फडाजवळ दवाखाना देऊ, असं कुणी म्हणालं नव्हतं. बदलता येण्यासारखी एकच गोष्ट तिला दाखवली गेली : तिचं स्वतःचं शरीर.

आणि आता लक्षात घ्या, ‘आत्मविश्वास वाढवा’ म्हणणारी मीही तेच करत होते. शस्त्रक्रिया करणाऱ्याने पोट बदललं, मी मन बदलायला निघाले. मोळी, फरशी, उचल, घड्याळ जिथल्या तिथे.

आपली चळवळ काय म्हणते?

आपण मात्र फार वेगळ्या आहोत असं नाही. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतला अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या फक्त आठ टक्के. तेव्हापासून आपण ओरडून सांगत आलो की बाईचं आरोग्य म्हणजे केवळ कुटुंबनियोजन नव्हे. बरोबरच होतं. पण या लढाईत कंबर, पाठ, गुडघा, खांदा हे मागे राहिले. हिंसेची नोंद घेणारी आपली वही आहे. रोज दुखणाऱ्या पाठीची नाही. ‘बायकांची कंबर दुखतेच’ हे वाक्य मी सासूच्या तोंडून जितक्या वेळा ऐकलं आहे, तितक्याच वेळा कार्यकर्तीच्या तोंडूनही ऐकलं आहे. आपली शिबिरंच बघा. दोन-दोन दिवस सतरंजीवर मांडी घालून. पाठ टेकायला भिंत मिळते ती आधी आलेल्या पदाधिकाऱ्यांना!

दुसरा सूर असा : ही सगळी वैयक्तिक पातळीवरची मलमपट्टी आहे, व्यवस्था बदलल्याशिवाय काही होणार नाही. हे म्हणणाऱ्या मैत्रिणींबद्दल मला आदर आहे, पण त्यांना विचारावंसं वाटतं : तोवर मावशींनी काय करायचं? आज रात्री कोणत्या कुशीवर झोपायचं, हा तिचा प्रश्न आहे. श्वास कसा घ्यायचा, हंडा उचलताना गुडघ्यात कसं वाकायचं, दुखणं वाढलं तर घाबरून न जाता दोन दिवस कसे काढायचे, हे ज्ञान तिचं आहे आणि ते तिला मिळालं पाहिजे. ‘जमेल मला’ ही खात्री तिच्याकडे नसेल तर ती मोर्चालाही येणार नाही, कारण तिला उभं राहवत नाही.

आणि व्यवस्था बदलत नाही असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांना आखूड दांड्याच्या कुदळीने दिवसभर वाकून विरळणी-खुरपणी करावी लागायची. पाठी कायमच्या मोडायच्या. शेतमालक म्हणायचे, पीक नीट येण्यासाठी हेच हत्यार लागतं. मजूर भांडले, कोर्टात गेले, आणि १९७५ साली तिथे त्या हत्याराच्या वापरावर बंदी आली. दांडा लांब झाला. त्या मजुरांना आधी कुणी ‘आत्मविश्वास वाढवा’ असा वर्ग दिला नव्हता. लढून जिंकल्यावर मात्र त्यांना कळलं की जमतं. बांडुराची पहिली वाट हीच तर आहे. पुढे त्याने स्वतःच ‘सामूहिक क्षमते’बद्दल लिहिलं : एकेकट्याने नव्हे, आम्ही सगळ्या मिळून हे करू शकतो, ही खात्री.

आम्ही काय करून पाहिलं

रुग्णालयातलं काम सुटल्यावर आम्ही वस्तीतच एक गट सुरू केला. वेळ रात्री साडेआठ, कारण बायकांना तीच सोयीची. अकरा जणी. शिकवायला मी नाही. ज्या मावशींच्या नावापुढे मी तो शेरा लिहिला होता, त्यांनाच मी जाऊन विचारलं. आधी त्यांना शेरा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “तुमचं पण काही खरं नाही ताई.” आणि आल्या.

पहिले तीन आठवडे फक्त हिशेब केला : कुणाचं दुखणं कधी वाढतं, कशाने वाढतं. वही लिहिता न येणाऱ्या बायकांनी ज्वारीचे दाणे डब्यात टाकले. नऊ जणींच्या हिशेबात एकच गोष्ट वर आली, ती म्हणजे बसून फरशी पुसणं. मग ठरलं की लांब दांड्याचं पोछं मागायचं. एकटीने मागायचं नाही. ज्या इमारतीत आपल्यातल्या तिघी जातात तिथे तिघींनी एकाच दिवशी मागायचं. आदल्या बैठकीत त्याची तालीम केली. मी मालकीण झाले, आणि त्यांच्या मते मला ते फारच छान जमलं!

सगळीकडे यश आलं नाही. ‘कोपरे निघत नाहीत’ म्हणून काही घरांनी नकार दिला. एका घरचं काम सुटलं. त्या बाईला दुसरं काम मिळेपर्यंत गटाने वर्गणी काढली, ती पुरली नाही. हे लिहायलाच हवं, नाहीतर ही गोष्टही माझ्या शिबिरातल्या गोष्टीसारखी होईल. पण सात घरांत पोछा आला. दोन घरांत महिन्याला दोन पगारी सुट्ट्या मिळाल्या. घरांतही काही हललं. एकीचा मुलगा पाणी भरू लागला. एकीने सासूला गटात आणलं. सासूचे गुडघे सुनेच्या कंबरेपेक्षा जुने निघाले, आणि दुपारी आडवं होण्यावरून घरात होणारी भांडणं थांबली.

दुखणं गेलं का? नाही. मावशींची कंबर अजून दुखते. पण गोळ्या कमी झाल्या आहेत आणि पट्टा खुंटीला लागला आहे. मध्यंतरी मी सहज ती जुनी प्रश्नावली काढली. घरकामाच्या विधानाशी आल्यावर मावशी थांबल्या. म्हणाल्या, “आता सहा नको. चार लिहा. सगळं मीच करायचं असं काही नाही ना?”

दवाखान्याच्या हिशेबात त्यांचे दोन गुण कमी झाले.

मागणं

ज्या संस्था बायकांच्या आरोग्यावर काम करतात त्यांच्याकडे, आणि आपल्याकडेही, काही मागण्या आहेत.

रुग्णालयांनी दुखण्याचे वर्ग बायकांच्या वेळेला आणि बायकांच्या वस्तीत घ्यावेत. शिकवायला दुखणं भोगलेली बाई असावी आणि तिला त्याचं मानधन मिळावं. केस पेपरवर ‘सहकार्य अपुरं’ लिहिण्याआधी तिचे कामाचे तास, घरातली माणसं आणि विश्रांतीची जागा हे तीन रकाने भरावेत. ‘गॅप’ आणि ‘वंगण’ ही भाषा बंद करावी. बाई दुखतंय म्हणाली की तिच्यावर विश्वास ठेवावा.

आपल्या संस्थांनी बायकांच्या समस्यांच्या नोंदवहीत दुखण्याचा रकाना सुरू करावा. शिबिरात खुर्च्या ठेवाव्यात आणि आडवं व्हायला एक खोली. कार्यालयात येणाऱ्या मावशींना आठवड्याची सुट्टी आणि आजारपणाची पगारी रजा द्यावी, आणि ती लेखी असावी. ज्या संघटना घरकामगारांच्या मागण्यांचे मसुदे करतात त्यांनी पगार आणि पेन्शनच्या शेजारी लांब दांड्याचा पोछाही लिहावा. मागणी किरकोळ वाटेल, पण उद्या सकाळी जिंकता येण्यासारखी आहे, आणि एक जिंकली की दुसरी मागायचा दम येतो.

आणि समाजकार्याच्या माझ्या बहिणींनो, पुढच्या वेळी एखादीला ‘तुम्हाला जमेल’ म्हणाल तेव्हा वाक्य पुरं करा. काय जमेल? काम करणं, की कामाला नाही म्हणणं? आणि ती नाही म्हणेल तेव्हा ते काम कोण करेल, याचं उत्तर तुमच्याकडे तयार ठेवा. मी त्या केस पेपरवरचा शेरा खोडू शकत नाही. कागद रुग्णालयात आहे. म्हणून तो इथे, या पानावर खोडते.

तुमच्या गटात, तुमच्या गावात बायकांनी दुखण्याशी काय काय करून पाहिलं ते अंकासाठी लिहून पाठवा. जमलं ते लिहा, आणि फसलं तेही.